दुसरं कार्ड

उदगीरच्या दालमिलीत मी पोत्यांची तोंडं शिवते.
दाभण, सुतळी, अकरा टाके, गाठ.
दिवसाला दोनशे तोंडं बंद करणाऱ्या बाईला
काही सांगायचं म्हणजे
नवऱ्यालाही जड गेलं असेल.

म्हणून त्यानं सांगितलं नाहीच.
माझ्या दाभणाच्या बटव्यात एक कार्ड सरकवलं
आणि पहाटे टेम्पो घेऊन जहिराबादला निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत वाचलं, भाकरी हातातच.
उपजिल्हा रुग्णालय. खोली नंबर चौदा.
जोडीदारानं तपासणीला यावं.
खाली डॉक्टरची सही, चिरडलेल्या मुंगीसारखी.

जोडीदार.
बारा वर्षांत ह्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती.

"कुठं चाललालीस गं?" फाटकातच रत्नाकाकू.
"दाढ दुखलालीय."
दाताची खोली डावीकडं. मी उजवीकडं वळले
तरी ती बघतच होती.

चौदा नंबरच्या बाकड्यावर
सगळे दुसऱ्याच कुणासाठी आलेले:
एक पोरगा मित्राचा रिपोर्ट न्यायला,
धोतरवाले आजोबा पत्ता चुकून.
मीही दाढ धरून बसले.

निलोफर मॅडमनी दार लोटलं, पंखा वाढवला,
मग असं एकेक विचारलं
जे माझ्या आईनंही कधी विचारलं नव्हतं.
जखम होती का. दुखायची का.
पोटातलं किती वेळा गेलं, कितव्या महिन्यात.

"दोनदा. पाचव्यात. मग सातव्यात."
पाचव्याला सासूनं नजर म्हटलं होतं,
सातव्याला माझं पाप.
मॅडमचा पेन थोडा थांबला.
"ह्याचं एक कारण रक्तातही असू शकतं, महानंदाताई.
आधी बघू. असलं तर औषध आहे."

निघालं.
एचआयव्ही नाही, ते दुसरं. गरमी म्हणायचे जुनी माणसं.
जुनं होतं माझ्यातही,
चुलीत राखेखाली इंगळ राहावा तसं.

तीन सोमवार, तीन इंजेक्शनं.
श्रावण नसताना धरलेले सोमवार.
"कुल्ला ढिला सोड," सिस्टर म्हणाल्या,
आणि सुई अशी शिरली
की पोत्यांची मला पहिल्यांदाच कीव आली.

औषध ह्याला इतकं स्वस्त, फुकटच,
आणि सातव्या महिन्याच्या त्या पोरीला
नाकडोळे सगळं होतं.
हे मी कुणाला सांगू?
सिस्टरना सांगितलं. त्या कापूस धरून उभ्या राहिल्या.

त्यालाही सुया झाल्या. परतल्यावर
भिंतीकडं तोंड करून बसला.
"नाव काय तिचं?"
"इचारलं नाही."
चार दिवस मी त्याच्या वरणात मीठ घातलं नाही.
त्यानं मागितलंही नाही.

तिसऱ्या सोमवारी मॅडमला म्हटलं,
"अजून एक कार्ड द्या."
"कुणासाठी?"
"जहिराबादला ढाब्यामागं एक जण आहे.
नाव ठाऊक नाही. तिच्या बटव्यात कोण ठेवणार?"

मॅडमनी मागच्या कोऱ्या बाजूवर
उर्दूत चार ओळी लिहिल्या,
तिकडच्या सरकारी दवाखान्याचं नाव शोधून.
एक मुलगी तेलुगू लिहिणारी निघाली वार्डात,
तिनं वाकड्या जागेत तेवढंच पुन्हा लिहिलं.

पहाटे त्याच्या हातात दिलं.
"पोचव."
त्यानं ते काचेवरच्या झडपेत खोचलं,
महादेवाच्या फोटोशेजारी. मी काही बोलले नाही.

परत आला तेव्हा तुरीची धूळ भुवयांपर्यंत.
"दिलं?"
"दिलं."
पोत्यात किती भरलंय ते मला वरून हात लावून कळतं.
ह्याचं कळलं नाही.

"काय म्हणली?"
"वाचाया दिलं दुसरीला. मग मला इचारली,
हे कुणी धाडलं?"
"मग?"
तो मोज्यातली चिल्लर मोजत राहिला.

पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे.
तारीख मी मिलीच्या हजेरीपाटीवर लिहून ठेवलीय,
माझ्या नावापुढं, खडूनं.
कुणी विचारलं तर दाढ म्हणणार नाही,
असं ठरवलंय. बघू.